पुंडलिकच्या गाडीचे दिवे

पुंडलिक आयुष्यात फारसं खोटं बोलला नव्हता. सवय नसल्यामुळे जेव्हा बोलला तेव्हा अगदी बाळबोध बोलला, आणि तेच त्याच्या अंगलट आलं. पाण्याचे ठेकेदार अप्पाराव फोनवर म्हणाले होते, "पुंडलिक, सांजच्याला एक खेप वाढव. सोसायटीवाले लई बोंबलायलेत." पुंडलिकच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, गाडीचे दिवे लई बारीक झालेत हो. अंधार पडला की रस्ताच दिसत नाय. कुठं नाल्यात घातली तर टाकी बी जायची अन् गाडी बी." अप्पाराव नुसतं 'बरं' म्हणाले आणि फोन ठेवला. एवढ्यावर भागलं म्हणून पुंडलिक त्या दिवशी पोटभर जेवला.

दिवे चांगले होते. काचा जरा पिवळ्या पडल्या होत्या, पण वाळूजच्या पलीकडच्या त्या कच्च्या रस्त्यावर समोरून येणारी शेळीसुद्धा लांबून दिसायची. अडचण दिव्यांची नव्हती, विहिरीची होती.

पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. वस्तीवरचे हापसे दांडा हलवून हलवून माणसाचे खांदे दुखतील एवढेच उरले होते. पाणी होतं ते पुंडलिकच्या मळ्यातल्या विहिरीला, तेही तळाशी, खडकाच्या एका कपारीतून पाझरणारं. त्याच्या बापानं घालून दिलेली एक रीत होती. दिवेलागण झाली की विहिरीत दोर सोडायचा नाही, पाणी ओढायचं इंजिन लावायचं नाही. रात्रभर झऱ्याला निवांत पाझरू द्यायचं. पहाटे जे साचेल त्यातून आधी वस्तीवरच्या बायांच्या घागरी भरायच्या आणि मग उरलेलं घरच्या कामाला. आता घरचं काम म्हणजे टाकी. कापूस हातचा गेल्यावर पुंडलिकनं पिकअपच्या हौद्यात काळी प्लास्टिकची टाकी बसवली होती, आणि दिवसा उरलेलं पाणी तो वाळूजच्या अंगाला उठलेल्या नव्या सोसायट्यांना नेऊन घालत होता. सांजेची खेप केली असती तर पहाटे बायांच्या बादल्या खडकावर आपटल्या असत्या. हे त्याला अप्पारावांना सांगता आलं असतं, पण अप्पारावांना वस्तीचं सांगून उपयोग नसतो हे त्याला ठाऊक होतं. ते हसले असते आणि म्हणाले असते, विहीर तुझी का वस्तीची?

आणि अप्पारावांना सरळ नाही म्हणायची तर सोयच नव्हती. सोसायट्यांना पाणी पुरवायचं काम त्यांचं, आणि वाळूजच्या एका कारखान्याला माणसं पुरवायचं कामही त्यांचंच. त्या माणसांत पुंडलिकचा श्रीरंग होता. गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाइनवर तो दोन वर्षं उभा होता, आणि आज ना उद्या पक्का होईल या आशेवर त्याचं लग्न झालं होतं, वाळूजला खोली घेतली होती, आता सून पोटुशी होती. गेटचा पास अप्पारावांच्या सहीचा. सही थांबली की गेट बंद. ते असं कधी बोलले नव्हते. बोलायची गरजच नव्हती.

त्या फोनला आठ-दहा दिवस झाल्यावर एका रविवारी सकाळची खेप घेऊन पुंडलिक सोसायटीत गेला तेव्हा रखवालदारानं त्याला मागच्या फाटकाबाहेर ताटकळत ठेवलं. पुढच्या फाटकातून टाकीची गाडी गेली की फरशीवर चिखल सांडतो म्हणे. मग कुणीतरी चष्मेवाले गृहस्थ खाली आले, ग्लासात पाणी धरून उजेडाकडे बघितलं आणि म्हणाले, "गढूळ वाटतंय. खालचं काढता की काय?"

"वरचं कुठं राहिलंय साहेब," पुंडलिक म्हणाला.

गृहस्थांना हा विनोद वाटला नाही. ग्लासातलं पाणी त्यांनी कुंडीत ओतलं आणि पाइप लावायला सांगितलं. पुंडलिकनं ओला पाइप खांद्यावर घेतला. इंजिनाचं हँडल रोज फिरवून त्याच्या उजव्या खांद्यात कळ बसली होती. पाइप त्याच खांद्यावर घ्यावा लागायचा, कारण डाव्या हातानं झाकण धरायचं असायचं.

तो घरी परतला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं आणि ओट्यावर श्रीरंग बसला होता. सुट्टीच्या दिवशी तो सहसा यायचा नाही, बायकोजवळ थांबायचा. त्याच्या मांडीवर एक लांबडं खोकं होतं. आवडाबाई त्याच्यासमोर बसून पदरानं वारा घालत होती आणि तिचा चेहरा सणासारखा झाला होता.

"आवं, बघा तरी पोरानं काय आणलं तुमच्यासाठी," ती म्हणाली.

श्रीरंगनं खोकं उघडलं. आत हातभर लांबीची काळी पट्टी होती, तिच्या तोंडाला छोटे छोटे चौकोनी भिंगाचे दिवे एका ओळीत बसवलेले. शिवूरच्या रस्त्यानं धावणाऱ्या पोरांच्या जीपगाड्यांवर पुंडलिकनं असली पट्टी पाहिली होती. समोरून आली की डोळे दिपून माणूस रस्त्याच्या खाली उतरतो.

"एलईडी बार हाय, बाबा," श्रीरंग म्हणाला. "बोनसमधून घेतली. अप्पासाहेब म्हणत होते, तुझ्या बापाला अंधारात गाडी चालवता येत नाय. मला लई काळजी लागली. तुमी कधी बोलला नाही."

पुंडलिकनं लोटा उचलला. तो घटाघटा पाणी प्याला. आपण एका फोनवर मारलेली थाप वाळूजच्या गेटवरून फिरून पोराच्या मांडीवर येऊन बसेल, हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आता कसं सांगायचं की बाबा रे, दिवे धडधाकट आहेत? पोरानं पहिल्यांदाच बापासाठी काही आणलं होतं. आणि पोराला खरं सांगितलं तर पोरगं उद्या साहेबांसमोर खोटं कसं बोलणार?

"कामून खर्च केलास?" एवढंच तो म्हणाला. "सूनबाईचं बाळंतपण तोंडावर हाय."

"गाडी नाल्यात गेल्यावर बाळंतपण कोण करणार?" आवडाबाई म्हणाली. ती आत गेली, हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आली आणि त्या काळ्या पट्टीला हळदीकुंकू लावलं. दिव्यांना दिवा ओवाळावा की नाही याचा तिनं क्षणभर विचार केला आणि नुसते हात जोडले. दोन बोटं कपाळाला लावून ती पुंडलिकला म्हणाली, "आजच बसवून आणा. फाट्यावर युसूफभाईचं दुकान उघडं असंल."

युसूफचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड, आत जुन्या बॅटऱ्या आणि भिंतभर टांगलेल्या वायरींच्या गुंडाळ्या. पुंडलिकची गाडी नवी होती तेव्हापासून तिला युसूफशिवाय कुणाचा हात लागला नव्हता. त्यानं पट्टी हातात घेऊन उलटीपालटी केली आणि शीळ घातली.

"अरे वा, पुंडलिकभाऊ. इससे तो दौलताबाद का किल्ला भी दिखेगा. टपावर बसवू का बंपरवर?"

"टपावर," श्रीरंग म्हणाला. "लांबपर्यंत उजेड जातो. चहा सांगून येतो, चाचा."

तो टपरीकडे गेला तसा पुंडलिक युसूफच्या जवळ सरकला. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी त्यानं आवाज खाली घेतला.

"युसूफ, एक काम कर. ही पेटली नाय पाहिजे."

युसूफनं ड्रिल खाली ठेवलं. "काय बोलतो?"

"बसव. दिसायला बसव. पण पेटू नको देऊस." मग पुंडलिकनं विहिरीचं, बायांचं, साहेबांच्या फोनचं, सगळं सांगून टाकलं. बोलताना त्याचा हात आपसूक दुखऱ्या खांद्यावर गेला होता.

युसूफ ऐकून घेत राहिला. "पोराच्या समोर बटण दाबणार मी," तो म्हणाला, "अन् नाय पेटली तर तो काय म्हणंल? युसूफला काम येत नाय म्हणंल. माझं दुकान हाय इथं, भाऊ."

"मंग मी काय करू?"

युसूफनं दाढी खाजवली. टपरीकडे एकदा पाहिलं. "फ्यूज बारीक टाकतो. इथं पेटंल, झकास पेटंल. घरी गेल्यावर घटकाभर चालवली की उडंल. मंग तू सांग, माल खराब निघाला."

माल खराब निघाला. पोरानं आणलेल्या मालाला असं म्हणायचं पुंडलिकच्या जिवावर आलं. पण त्यानं मान हलवली.

युसूफनं टपाच्या पुढच्या कडेला दोन भोकं पाडली, क्लॅम्प बसवले, भोकांत रबर घातलं. श्रीरंग चहा घेऊन आला आणि कप टेकवून लगेच बाह्या सारून कामाला भिडला. वायर कुठून न्यायची, इंजिनाच्या तापापासून ती लांब कशी ठेवायची, सगळं त्याच्या हाताला ठाऊक होतं. वायरीचं टोक सोलताना त्यानं जीभ दाताखाली धरली होती, तशी तो लहानपणी पाटी लिहिताना धरायचा. पुंडलिक त्याच्याकडे बघत राहिला. पोरगं एवढं हुशार झालंय याचा त्याला आनंद झाला, आणि त्याच वेळी युसूफनं बारीक फ्यूज घातलेल्या डबीकडे त्याची नजर गेली.

शेवटी श्रीरंगनं बॅटरीजवळची डबी उघडली, आतली फ्यूज काढली आणि उजेडाकडे धरली.

"चाचा, ही कमी पडंल की. दहा मिनिटांत उडून जाईल."

युसूफनं पुंडलिककडे पाहिलं. पुंडलिकनं जमिनीकडे पाहिलं.

"हां बेटा," युसूफ म्हणाला. "चुकलं माझं. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत." त्यानं डब्यातून दुसरी फ्यूज काढून दिली. एवढ्या वर्षांत त्यानं गिऱ्हाइकासमोर चूक कबूल केलेली पुंडलिकनं पाहिली नव्हती, आणि न केलेली चूक तर नाहीच नाही. श्रीरंगनं फ्यूज खाचेत दाबली, बटण टाकलं. भर उन्हातसुद्धा समोरची पत्र्याची भिंत पांढरीफटक झाली.

परतताना कोरड्या नाल्याच्या उतारावर आल्यावर श्रीरंग म्हणाला, "बाबा, गाडी थांबवा जरा."

पुंडलिकनं बाभळीच्या सावलीला गाडी घेतली.

"ती फ्यूज तुमी टाकायला लावली ना?"

पुंडलिक स्टिअरिंगला धरून बसला. बोटांना वंगण लागलं होतं, ते तो अंगठ्यानं पुसत राहिला.

"गाडीचे दिवे चांगले हायती," श्रीरंग म्हणाला. "ह्याच गाडीत बसून मी शाळेत गेलो, मला नाय ठाऊक व्हय? अन् विहिरीचं बी ठाऊक हाय."

"मंग आणलीस कामून ही?"

"मी नाय आणली." श्रीरंगनं तोंड खिडकीकडे फिरवलं. "बोनस बी नाय मिळाला. अप्पासाहेबांनी दिली. गेटवर पास काढून घेतला माझा. म्हणले, तुझ्या बापाला अंधारात दिसत नाय म्हणं, ही घेऊन जा. त्याची सांजची खेप सुरू झाली की पास न्यायला ये." त्यानं काचेवरची धूळ बोटानं पुसली. "हे मी तुम्हाला तसंच सांगितलं असतं तर तुमी भांडायला गेला असता. मी आणली म्हणल्यावर नाय म्हणणार नाय, म्हणून..."

"पास कव्हा काढून घेतला?"

"सोमवारी."

"मंग आठवडाभर काय करतोस?"

"डबा घेऊन निघतो. बसस्टँडवर बसतो. शिफ्ट सुटायच्या टायमाला घरी जातो. तिला सांगितलं नाय."

पुंडलिकला पोराच्या कानशिलात मारावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. पोरगं डबा मांडीवर घेऊन बसस्टँडच्या बाकड्यावर बसलंय, येणाऱ्याजाणाऱ्या बसगाड्या बघतंय, हे चित्र काही केल्या त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. बापाची थाप पोरानं ओळखली होती, पोराची थाप बापानं खरी मानली होती, आणि या सगळ्यात एकट्या अप्पारावांना कुणाशी खोटं बोलायची वेळ आली नव्हती.

"आज खेप करायची?" त्यानं विचारलं.

"फाट्यावर त्यांचा माणूस उभा राहणार हाय. बारचा उजेड दिसला की तो साहेबांना फोन करणार. मंग सकाळी पास."

पुंडलिकनं गाडी सुरू केली.

घरी आल्यावर आवडाबाईनं टपावरची पट्टी बघितली, जवळ येऊन हात लावला. पुंडलिक म्हणाला, "आज सांजच्याला खेप हाय." श्रीरंगनं खाली मान घालून उरलेलं सांगितलं. बसस्टँडचं सांगताना त्याचा आवाज फाटला. आवडाबाईचा हात पट्टीवरून खाली आला. तिनं नवऱ्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. पण तिनं डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि वस्तीकडे चालू लागली. पुंडलिकला वाटलं, रागानं चालली. पण ती पहिल्याच घराच्या दारात थांबली, काहीतरी बोलली, मग दुसऱ्या दारात गेली. ती घरोघर सांगत होती की सकाळी पाणी मिळायचं नाही, जे काय भरायचं ते आत्ता भरून घ्या.

दिवस मावळायला बाया आल्या. घागरी, हंडे, प्लास्टिकचे डबे, कुणी तर पीठ मळायची परात घेऊन आली. रोज पहाटे इथं हसणं-बोलणं चालायचं, कुणाच्या सुनेची थट्टा चालायची. पण दिवेलागणीच्या वेळी विहिरीवर यायची कुणालाच सवय नव्हती. दोर सोडायला कुणी पुढं होईना. शेवटी आवडाबाईनंच पहिली बादली सोडली.

झऱ्याला दिवसभरात टाकीभर अन् वर जरासंच साचलं होतं. दोराला दोर लागू लागले, बादल्या एकमेकींवर आपटू लागल्या. अंधारून आल्यावर एकीनं सांगितलं, "काही दिसत नाय रे, लाव की तुझी ती लाइट." श्रीरंगनं बटण टाकलं. पांढऱ्या उजेडात विहिरीचा काठ, ओले दोर, बायांचे सुरकुतलेले हात, अर्ध्याच भरून वर येणाऱ्या बादल्या, सगळं एकदम उघडं पडलं. पाणी किती उरलंय हे आता सगळ्यांनाच दिसलं, आणि बाया अजून घाई करू लागल्या.

श्रीरंगचा फोन वाजला. "व्हय साहेब," तो म्हणाला. "बसवली. निघतोच हाय." त्यानं फोन खिशात घातला आणि बापाकडे पाहिलं. त्या नजरेत हुकूम नव्हता, विनवणी होती, आणि विनवणीपुढे पुंडलिकचं काही चालत नसे.

"बायांनो, बाजूला व्हा आता," पुंडलिक म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून फार हळू निघाले. दुसऱ्यांदा म्हणावं लागलं.

त्यानं हँडल घातलं आणि फिरवलं. खांद्यातली कळ थेट मानेपर्यंत गेली. इंजिन पहिल्यांदा पेटलं नाही. श्रीरंग पुढं आला, पण पुंडलिकनं त्याला हातानं मागं सारलं आणि पुन्हा फिरवलं. इंजिन धडधडलं, पाइप फुगला, टाकीत पाणी पडू लागलं. मागं राहिलेल्या बाया रिकाम्या हंड्यांना धरून ते बघत उभ्या होत्या. टाकी भरत आली तेव्हा खाली पाइपनं हवा ओढली आणि लाल चिखलाचा एक घोट टाकीत आला. पुंडलिकनं इंजिन बंद केलं.

तो गाडीत बसला. श्रीरंग शेजारी बसला. गाडी वळवली तशा समोरच्या बाया पांढऱ्या उजेडात आल्या. एकेकीचा चेहरा स्वच्छ दिसत होता. कुणाची घागर अर्धी होती, कुणाची कोरडीच होती, आणि वस्तीवरल्या पुंजारामची म्हातारी आई तर परात पोटाशी धरून वाटेच्या मधोमध उभी होती. नेहमीच्या अंधारात त्यानं हे एवढं पाहिलं नसतं. त्याला ते सोसलं नाही. त्यानं हात वर करून बारचं बटण बंद केलं.

गाडीचे जुने दिवे तेवढे राहिले. त्यांचा पिवळसर उजेड बायांच्या पायांवरून सरळ पुढं गेला, बांधावरून, चिंचेच्या वळणापर्यंत. वाटेतला एकूण एक दगड दिसत होता.

म्हातारी वळून त्या उजेडाकडे बघत राहिली. मग खिडकीशी आली.

"दिवे तर चांगले हायती की रे तुझे," ती म्हणाली. "मंग ही कशाला बसवली?"

पुंडलिकनं तोंड उघडलं. तुमच्यासाठीच थाप मारली होती गं, असं त्याला म्हणायचं होतं. पण ते म्हणायला आता तोंड राहिलं नव्हतं, टाकी तर भरून मागं उभी होती. त्यानं आवडाबाईकडे पाहिलं. ती रिकाम्या घागरीचा काठ पुसत होती, तिनं मान वर केली नाही.

"बाबा," श्रीरंग अगदी हळू म्हणाला. "फाट्यावर माणूस बघत असंल."

पुंडलिकनं बटण पुन्हा टाकलं. बायांनी डोळ्यांवर पदर घेतले आणि गाडीला वाट करून दिली.